चिठ्ठी लिहून झाल्यावर

चढलेला रक्तदाब औषधाने उतरवता येतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधल्या लेखात मांडलं. औषध इथलंच होतं, सर्पगंधेचं मूळ. पुढे तीन वर्षांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. नंतर रेसर्पिन मागे पडलं, कारण ते घेणाऱ्या काहींचं मन खचत असे. त्याच्या जागी एकाहून एक सरस गोळ्या आल्या. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नावं आता घरोघरी तोंडपाठ आहेत, आणि सरकारी दवाखान्यात यांतल्या बहुतेक गोळ्या फुकट मिळतात. थोडक्यात, औषधांची अडचण कधीच मिटली. रक्तदाबाची मिटली नाही.

किती मिटली नाही, याचा एक हिशेब २०१३ साली प्रसिद्ध झाला. ‘प्युअर’ नावाच्या पाहणीत १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४२ हजार माणसांची तपासणी झाली. तिच्या भारतातल्या कामाचं केंद्र बंगळुरूची सेंट जॉन्स संशोधन संस्था होती. ज्यांचा दाब चढलेला निघाला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना त्याचा पत्ता नव्हता. हे आपण पूर्वीपासून ऐकत आलो आहोत. खरी बोच दुसऱ्या आकड्यात आहे. ज्यांना माहीत होतं त्यांतले बहुतेक जण, शंभरातले सत्त्याऐंशी, औषध घेत होते. आणि औषध घेणाऱ्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांचा दाब ताब्यात होता.

म्हणजे डॉक्टरपर्यंत पोचलेली, चिठ्ठी मिळालेली, गोळी सुरू असलेली तीन माणसं घेतली, तर दोघांचा दाब चढाच. हे प्रकरण त्या दोघांबद्दल आहे, आणि त्यांच्यासाठी सर्वांत जास्त करू शकणाऱ्या व्यक्तीबद्दल. ती व्यक्ती डॉक्टर नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आठवा. बंगळुरूचं व्हिक्टोरिया असो, बोरिंग असो की मुंबईचं केईएम, सकाळची रांग सारखीच. डॉक्टरांच्या वाट्याला माणशी दोन-तीन मिनिटं येतात. त्यात आकडा बघायचा, ‘गोळ्या चालू ठेवा’ म्हणायचं, पुढचा केसपेपर ओढायचा. दाब १५४ वर ९२ असला तरी ‘आज दगदग झाली असेल, पुढच्या वेळी बघू’ म्हणून डोस तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असतात. घरी गेल्यावर गोळ्या संपतात. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून आणायच्या राहतात. यात कुणी बेफिकीर आहे असं नाही. चिठ्ठी लिहिल्यानंतरचं काम नेमकं कुणाचं, हेच ठरलेलं नाही.

ते काम समजावून सांगण्याचं आहे, असं आपल्याला मनापासून वाटतं. रुग्णाला नीट पटवून दिलं की तो गोळ्या घेईल. भिंतीवर तक्ते लावा, पत्रकं वाटा, व्याख्यान ठेवा. या समजुतीची परीक्षा पन्नास वर्षांपूर्वी कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात झाली. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट काम करत होते. आज वैद्यकात आणि नर्सिंगमध्ये ‘पुराव्यावर आधारित’ हे विशेषण सर्रास लावलं जातं, त्या विचाराचं हे माहेर. रक्तदाब असलेले २३० पोलाद कामगार त्यांनी निवडले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडले. काहींना कारखान्यातच, कामाच्या वेळेत डॉक्टर भेटतील अशी सोय केली. काहींना रक्तदाब म्हणजे काय, गोळी का घ्यायची, हे पद्धतशीर शिकवलं. १९७५ साली निकाल आला. शिकवलेल्या कामगारांचं ज्ञान नक्की वाढलं, पण गोळ्या घेण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. नुसत्या सोयीनेही फरक पडला नाही.

आपल्यासारख्या उपदेशप्रिय समाजाला हा निकाल पचायला जड आहे. पण गोष्ट तिथे थांबली नाही. याच चमूतल्या ब्रायन हेन्स यांनी औषधं टाळणाऱ्या आणि दाब ताब्यात नसलेल्या ३८ कामगारांवर दुसरा प्रयोग केला. त्यांतल्या एका गटाला घरी दाब मोजायला शिकवलं, आकडे आणि गोळ्या लिहून ठेवायला सांगितलं, गोळी रोजच्या एखाद्या ठरलेल्या सवयीला जोडून दिली, आणि दर पंधरा दिवसांनी एका व्यक्तीला भेटायला लावलं. ही व्यक्ती शालान्त शिकलेली होती, वैद्यकीय शिक्षण तिला नव्हतं. या गटाचं गोळ्या घेण्याचं प्रमाण एकवीस टक्क्यांनी वर गेलं आणि दाबही उतरला. ज्ञानाने जे झालं नाही ते पाठपुराव्याने झालं. २०१० मध्ये कॉक्रेन समूहाने अशा ७२ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही हेच दिसलं. नुसत्या शिक्षणाने, मग ते रुग्णाचं असो की डॉक्टरांचं, दाब उतरण्याची फारशी आशा नाही.

आपल्या दवाखान्यात असा पाठपुरावा करू शकणारी व्यक्ती म्हणजे नर्स. मग तिने नेमकं करायचं काय? सुरुवात मोजण्यापासून, कारण तिथेच निम्मा घोटाळा असतो.

इटलीत मिलानच्या ज्युसेप्पे मान्चिया यांनी १९८०च्या दशकात रुग्णांच्या धमनीत सूक्ष्म नळी ठेवून दाबाची अखंड नोंद घेतली आणि मग डॉक्टरांना खोलीत पाठवलं. डॉक्टर पट्टा बांधू लागले की दाब वर उसळायचा. हेच काम नर्सने केलं तेव्हा उसळी जवळपास निम्मी होती. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र केले, त्यांतही एकाच रुग्णाचा डॉक्टरांनी मोजलेला वरचा आकडा नर्सने मोजलेल्यापेक्षा सरासरी सात मिलिमीटरने जास्त निघाला. सात हा क्षुल्लक आकडा नव्हे. वरचा दाब नुसता पाचने उतरला तरी हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात. एवढ्याच फरकावर एखाद्याची दुसरी गोळी सुरू होते किंवा टळते. ‘बीपी डॉक्टरांनीच बघावं’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण सिस्टरच्या हातातही आकडा बिघडतोच. पाच मिनिटं शांत बसवणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, लघवी तुंबलेली नको, अर्धा तास आधी चहा-कॉफी-तंबाखू नको, मोजताना बोलणं नको. हे नियम सगळ्यांना पाठ असतात आणि रांग वाढली की सगळे गळून पडतात. त्यातल्या त्यात हात कुठे ठेवला याकडे कुणी बघत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा २०२४ चा प्रयोग सांगतो, की हात टेबलावर हृदयाच्या पातळीत न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे चारने, आणि बाजूला लोंबता सोडला तर साडेसहाने फुगतो. तिथल्याच संशोधकांनी आदल्या वर्षी पट्ट्याचं माप तपासलं होतं. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो अशांच्या दंडाला नेहमीचा पट्टा बांधला, तर आकडा तब्बल साडेएकोणीसने जास्त येतो. आपल्या बहुतेक दवाखान्यांत पट्टा एकाच मापाचा असतो. जाड दंडाच्या बाईला नसलेला आजार चिकटतो, आणि बारीक दंडाच्या म्हाताऱ्याचा असलेला आजार दडतो, कारण सैल पट्टा आकडा कमी दाखवतो. नव्या मशीनवर खर्च करण्याआधी दोन जादा पट्टे घ्यावेत, असं मला वाटतं.

बरोबर मोजून झालं. आकडा चढा आहे. आता काय? आणि इथे मुद्द्याची गाठ आहे.

इंग्लंडमधल्या एक्सेटरचे डॉक्टर ख्रिस्तोफर क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नर्सनी चालवलेल्या रक्तदाब-सेवेच्या ३३ प्रयोगांचा आढावा घेतला. ज्या ठिकाणी नर्सच्या हातात पायरीपायरीने औषध वाढवण्याचा लेखी आराखडा होता, तिथे वरचा दाब नेहमीच्या उपचारांपेक्षा सरासरी ८.२ मिलिमीटरने अधिक उतरला. फरक नर्स प्रेमळ होती म्हणून पडला नाही. ‘आज १५४ आहे, तेव्हा आजच पुढची पायरी’ असं ती म्हणू शकत होती म्हणून पडला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मान्य केलं, की रीतसर प्रशिक्षण, ठरलेला आराखडा, औषध देण्याची परवानगी आणि डॉक्टरांची देखरेख असेल तर नर्स किंवा औषधनिर्माते रक्तदाबाचं औषध सुरू करू शकतात, वाढवूही शकतात.

कोलंबिया आणि मलेशियात, चीनच्या खेड्यांत, बांगलादेश-पाकिस्तान-श्रीलंकेच्या गावांत गेल्या दहा वर्षांत असेच प्रयोग झाले. कामाला कुठे गावडॉक्टर होते, कुठे आरोग्यसेविका. तपशील वेगळे, दिशा एकच. बंगळुरूच्या सेंट जॉन्समधूनही असा एक प्रयोग चालवला गेला. डॉ. डेनिस झेवियर यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या १४ रुग्णालयांतून हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी परतलेल्या सुमारे आठशे रुग्णांपैकी निम्म्यांमागे आरोग्य-कार्यकर्ते लावले. गोळ्या डब्यात आहेत ना, विडी सुटली का, चालणं होतं का, हे ते विचारत. वर्षभराने नियमित औषध घेणारे शंभरात ९७ निघाले, नेहमीच्या उपचारांत ९२. फरक पाचाचा असला तरी वरचा दाबही काहीसा खाली आला होता. निकाल २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले.

या साऱ्या गोष्टी प्रयोगाच्या. रोजच्या दवाखान्यात हे जमतं का, याचं सर्वांत मोठं उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला आलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले पंचवीस जिल्हे होते, आणि त्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. उपक्रमाची कल्पना चमकदार वगैरे मुळीच नाही, आणि तेच तिचं बळ. राज्यभर औषधांची एकच पायरीवार पद्धत ठरवायची. ठरवलेली औषधं कमी पडू द्यायची नाहीत. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या. मोजणं, नोंदणं, बोलावणं हे काम नर्सकडे द्यायचं. आणि प्रत्येक रुग्णाचा हिशेब ठेवायचा.

या हिशेबात बंगळुरू पुन्हा येतं. महाराष्ट्रातल्या नर्स ज्यावर नोंदी करतात ते ‘सिंपल’ नावाचं मोबाइल अॅप बंगळुरूच्या ‘ऑब्व्हिअस’ आणि ‘निलेन्सो’ या कंपन्यांतल्या मंडळींनी ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ या संस्थेसाठी घडवलं. आधी पंजाबात, मग महाराष्ट्रात. सरकारी अॅप म्हटलं की नर्सच्या कपाळावर आठ्या पडतात. दहा रजिस्टरांत अकरावं, असाच अनुभव असतो. इथे उलटा विचार होता. रुग्णाकडे क्यूआर कोडचं कार्ड, ते स्कॅन करायचं, वरचा-खालचा आकडा टाकायचा, गोळ्या बदलल्या असतील तर टिचकी मारायची. अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपतं. त्याहून कामाची आहे ती न आलेल्यांची यादी. तारीख उलटून गेलेल्या रुग्णांची नावं अॅप समोर आणतं, आणि तिथूनच फोन लावता येतो. सिस्टरचा स्वतःचा नंबर पलीकडे दिसत नाही. ही सोय कुणाला किरकोळ वाटेल, पण रात्री अकराला रुग्णाच्या मुलाचा फोन आल्यावर काय होतं, ते ज्या बाईने अनुभवलंय तिला विचारा.

आणखी एक गोष्ट मला या पद्धतीत फार आवडते, तिचा प्रामाणिक भागाकार. एरवी दवाखाने हजर असलेल्यांचा दाब मोजतात आणि यश जाहीर करतात. इथे तीन महिन्यांत जो फिरकलाच नाही, तोही ताब्यात नसलेल्यांच्याच बाजूला धरला जातो. मग आकडे दिसायला वाईट दिसतात. पण ते सुधारायचे असतील तर आलेल्यांचं कौतुक थांबवून न आलेल्यांना शोधावं लागतं. असा कडक हिशेब ठेवूनही उपक्रमातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा दाब ताब्यात राहिला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला. उरलेले निम्मे अजून बाकी आहेतच.

महानगरात हे खेड्यापेक्षा अवघड आहे. खेड्यात न आलेला रुग्ण कुठे सापडेल ते आशाताईला ठाऊक असतं, बंगळुरूत त्याने घर बदललेलं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरात प्रभागवार १०८ ‘नम्म क्लिनिक’ एकदम उघडली. एक डॉक्टर, एक स्टाफ नर्स, एक लॅब टेक्निशियन आणि एक मदतनीस एवढाच संसार. रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि गोळ्या मोफत. अशा ठिकाणी ती एकटी स्टाफ नर्स हाच सगळा पाठपुरावा. भारतात कायद्याने साध्या स्टाफ नर्सला औषध लिहून देता येत नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या ती पुढे चालू ठेवू शकते, पायरी वाढवायला डॉक्टरांची सही लागते. २०१८ नंतर उपकेंद्रांवर आलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी, ज्यांत नर्सिंगचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, ही रेघ थोडी पुढे ढकलली, पण पुसली नाही. क्लार्क यांच्या आढाव्यातलं मुख्य यश याच रेघेच्या पलीकडे आहे. डॉक्टर शेजारच्याच खोलीत असतील तर वाट निघते. सिस्टरने आराखड्याप्रमाणे पुढची पायरी सुचवायची, डॉक्टरांनी बघून सही करायची, आणि रुग्णाने त्यासाठी पुन्हा रांगेत बसायचं नाही. सही नाकारायची असेल तर डॉक्टरांनी कारण लिहायचं, एवढी एक अट मी माझ्या पदरची घालीन.

बंगळुरूची दुसरी अडचण भाषेची. चिकपेटच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांत आजी अजून मराठीतच विचार करते. सिस्टर केरळची, तिचं कन्नड कामापुरतं, डॉक्टर इंग्रजी-कन्नड बोलणारे. ‘मीठ कमी करा’ हे सगळ्या भाषांत सांगून होतं आणि कुठल्याच भाषेत पोचत नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. भारतीय माणूस साधारण त्याच्या दुप्पट खातो. आजी म्हणते, ‘मी वरून मीठ घेतच नाही गं’, आणि ते खरं असतं. पण पापड, लोणचं, कुरड्या, ठेचा आणि शेजारणीने दिलेलं आंब्याचं उप्पिनकाई (कानडी लोणचं) तिच्या हिशेबात मीठ नसतंच. चांगली सिस्टर मीठ हा शब्दच काढत नाही. ती विचारते, काल रात्री ताटात काय काय होतं?

तिचे आणखी काही प्रश्न ऐकण्यासारखे असतात. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. म्हणून ती म्हणते, ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेली? होतं असं.’ पाकीट दाखवायला सांगते, उरलेल्या गोळ्या मोजते. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून काही घेता का, हे विचारते, कारण डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दाब चढवतात. अॅम्लोडिपिनवर असलेल्याच्या घोट्यावर बोट दाबून सूज बघते. ही सूज त्या गोळीची ओळखीची खोड आहे, पण रुग्णाला वाटतं किडनी गेली, आणि तो न सांगता गोळी बंद करतो. सत्तरीच्या माणसाला उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजते, कारण बसून छान दिसणारा दाब उभं राहिल्यावर कोसळत असेल तर तो न्हाणीघरात पडेल. मूल होण्याच्या वयातल्या बाईला पाळीची तारीख विचारते, कारण गरोदरपणात टेल्मिसार्टन चालत नाही. घरी मशीन असेल तर मनगटाचं नको, दंडाचं घ्या, सकाळ-संध्याकाळ दोनदा, आठवडाभर लिहून आणा, असं सांगते. घरचे आकडे १३५ वर ८५ च्या खाली हवेत, दवाखान्यातल्या १४० वर ९० च्या जागी.

यातलं काहीही करायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. पण ती दहा मिनिटं रुग्णालाही सापडायला हवीत. बंगळुरूच्या पीण्या किंवा बोम्मनहळ्ळी भागात कपड्यांच्या कारखान्यात शिवण मारणाऱ्या बाईला दिवसा दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाच्या पगारावर पाणी सोडणं. ती येत नाही, आणि यादीत ‘तारीख उलटलेली’ म्हणून उरते. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात प्रथमोपचाराची खोली आणि तिथे नर्स हवी, अशी अट १९४८ च्या कारखाने कायद्याने घातली होती. म्हणजे अशा कारखान्यात पट्टा बांधणारी एक बाई शिवणयंत्रांपासून हाकेच्या अंतरावर असायला हवी. न्यूयॉर्कमध्ये मायकेल अल्डरमन यांनी १९७५ साली दुकान-कामगारांच्या संघटनेत हेच करून दाखवलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नर्सनी कामाच्या जागीच तपासलं, ठरलेल्या पद्धतीने औषधं दिली, आणि बहुतेक कामगार वर्षभर टिकले, त्यांचा दाब उतरला. हॅमिल्टनमध्ये नुसती सोय करून जे जमलं नव्हतं, ते सोयीला नर्सचा पाठपुरावा जोडल्यावर जमलं.

आपल्या कारखान्यांत हे करून बघण्याआधी हॅमिल्टनचाच तिसरा निकाल मात्र वाचून घ्यावा. १९७८ मध्ये हेन्स यांनी दाखवलं, की ‘तुम्हाला रक्तदाब आहे’ असं नव्याने कळलेले पोलाद कामगार त्यानंतर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस आजारपणाची रजा घेऊ लागले. दाब तोच होता, आजारी असल्याची जाणीव नवी होती. तुकड्यावर किंवा हजेरीवर पोट असलेल्या बाईला अशी रजा परवडत नाही, आणि कारखान्याच्या व्यवस्थापकालाही ती आवडणार नाही. म्हणून तिचा आकडा सुपरवायझरच्या कानावर जाणार नाही, याची लेखी हमी आधी हवी. आणि पहिल्यांदा आकडा सांगताना सिस्टरने आजाराचं नाव घेऊन थांबू नये. त्याच वाक्यात पुढची तारीख द्यावी, महिन्याच्या गोळ्या हातात ठेवाव्यात, आणि सांगावं, ‘कामावर जा, काही थांबवू नका.’